२५ पैकी ११ : लहान मुलांच्या डोसची गणितं आणि माझे साडेपाच महिने

बारावीला पीसीबी घेतलं तेव्हा दहावीची गणिताची पुस्तकं मी रद्दीत घातली होती आणि त्या पैशात आम्ही दोघी बहिणींनी वडापाव खाल्ला होता. नर्सिंग म्हणजे इंजेक्शन, ड्रेसिंग, बीपी, फार तर अ‍ॅनाटॉमीची घोकंपट्टी, अपूर्णांक आणि दशांश आता परत तोंड दाखवणार नाहीत असं मला पक्कं वाटत होतं. पहिली दोन वर्षं तसं निभावलंही. मोठ्या माणसांच्या वॉर्डात एक गोळी म्हणजे एक गोळी, एक व्हायल (इंजेक्शनच्या औषधाची छोटी बाटली) म्हणजे एक व्हायल. तिसऱ्या वर्षी पाचव्या सेमिस्टरला चाइल्ड हेल्थ नर्सिंग आलं आणि तिथे एक व्हायल कधी अर्धी, कधी पाव, कधी नुसती सुईच्या टोकाएवढी.

डोसच्या गणितांचं कसं जमवलं असं ज्युनिअर बॅचच्या पोरी सारख्या विचारतायत म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, खाली जे डोस आलेत ते टेस्टमधले किंवा वॉर्डातल्या शीटवरचे आहेत, गणित कळावं म्हणून दिलेत, ते वाचून कुणी घरी पोराला औषध पाजू नका.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. पिडियाट्रिक म्हणजे लहान मुलांच्या वॉर्डची पोस्टिंग लागायच्या आधी ड्रग कॅल्क्युलेशनची टेस्ट. २५ मार्कांची, पण पास व्हायला २० पाहिजेत, आणि पास नाही तर वॉर्डात औषधाला हात लावायचा नाही आणि लॉगबुकच्या (वॉर्डातल्या कामाच्या नोंदवहीच्या) त्या पानावर सही नाही. कॅल्क्युलेटर बंद. मला ११ मिळाले.

मला राग आला तो एका प्रश्नाचा. १२ किलोचं मूल, सेफ्ट्रायॅक्सोन ७५ मिग्रॅ पर किलो पर डे, दोन भागात, १ ग्रॅमची व्हायल १० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली, तर एका वेळी किती मिली? मी बारा पंचाहत्तर नऊशे केलं, १०० मिग्रॅ म्हणजे १ मिली, म्हणून ९ मिली, आणि खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत लिहिलं. एवढी खात्री! मॅडमनी चौकटीवर फुली मारून बाजूला फक्त 'पर डे' लिहिलं होतं. नऊशे दिवसाचे होते, ते दोन वेळात वाटायचे, एका वेळी ४५० म्हणजे साडेचार मिली. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, आणि पोराला दुप्पट औषध. आमच्या वर्गात २३ जणी नापास झाल्या त्यातल्या निम्म्याहून जास्त ह्याच दगडावर आपटल्या होत्या, हे नंतर हॉस्टेलवर पेपर जुळवून बघितल्यावर कळलं.

रीटेस्टसाठी अर्ज करायचा होता. तो क्लास कोऑर्डिनेटरकडून एचओडीकडे, तिथून प्रिन्सिपल मॅडमकडे, सोबत २०० रुपये आणि पालकांची सही. सही ओरिजिनल पाहिजे, मोबाइलवर मागवून प्रिंट काढलेली चालणार नाही. माझं गाव कॉलेजपासून चार तासांवर. शेवटी अर्ज पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडे दिला, पप्पांनी स्टँडवर घेतला, सही केली, दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने परत. पप्पांनी कारण वाचलंच असणार पण फोनवर फक्त "जेवलीस का" एवढंच विचारलं. मग कोऑर्डिनेटर मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर दुसऱ्या कॉलेजात, त्यामुळे नऊ दिवस अर्ज ड्रॉवरमध्ये. ज्यांना पुढे असा अर्ज करायचाय त्यांनी दोन कॉपी काढा आणि आपल्या कॉपीवर आवक नंबर आणि तारीख टाकून घ्या, मी घेतली नव्हती आणि "तुझा अर्ज आलाच नाही" हे वाक्य मला दोनदा ऐकावं लागलं. तारीख मिळाली ३० सप्टेंबर.

तोपर्यंत पोस्टिंग सुरू होणार होती, २ सप्टेंबरपासून, पण आम्हा नापासांना फक्त बघायचं, लिहायचं, टेंपरेचर, वजन, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं). तेव्हा फार अपमान वाटला. आज विचाराल तर मला त्या महिन्याचाच खरा फायदा झाला, कारण हात बांधलेले असल्यामुळे मी डोळे उघडे ठेवले.

वॉर्डात पहिल्याच आठवड्यात एका आजीने मला हाक मारली, "ताई, हे बघा, ह्यातलं किती चमचे देऊ?" ट्रॉलीवर तिच्या पिशवीतल्या तीन बाटल्या. तिन्ही पॅरासिटामॉल. एक १२५ ची, एक २५० ची, आणि एक ड्रॉप्स. पहिली गावच्या दवाखान्यातली, दुसरी मेडिकलमधून अशीच आणलेली, तिसरी मोठ्या सुनेच्या पोराची उरलेली. नातू ८ किलोचा. मी तिथे काही बोलले नाही, सिस्टरना बोलावलं, पण रात्री हॉस्टेलवर वही काढून बसले. १५ मिग्रॅ पर किलो धरलं तर १२० मिग्रॅ. १२५ च्या बाटलीत हे ५ मिलीमागे असतं, म्हणजे ४.८ मिली. २५० च्या बाटलीतून तेच २.४ मिली. ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिग्रॅ, म्हणजे फक्त १.२ मिली. पोर एक, ताप एक, डोस एक, आणि मिली तीन वेगवेगळे. आजीने सिरपचा अंदाज धरून ड्रॉप्स ४.८ मिली पाजले असते तर ४८० मिग्रॅ, चौपट. त्यात ड्रॉप्सची बाटली सगळ्यात छोटी, बाळाचं म्हणून हलकं औषध असणार असं कुणालाही वाटतं, आणि औषध त्याच्यातच सगळ्यात जास्त दाट.

तेव्हापासून मी लेबलांची वही केली. ६० रुपयांची लाँगबुक. खरं तर मला रिकाम्या व्हायल हव्या होत्या, प्रॅक्टिससाठी. इन्चार्ज सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं वेडी का, काचेच्या व्हायल निळ्या डब्यात जातात, बायोमेडिकल वेस्ट आहे ते, तू पर्समध्ये घालून हॉस्टेलला नेणार?" २०१६ चे वेस्टचे नियम मी स्वतः पहिल्या वर्षी पाठ केले होते, पण गरजेच्या वेळी अक्कल गहाण. मोबाइल वॉर्डात चालत नाही म्हणून फोटोही नाही. मग रोज ड्यूटी संपताना ट्रे समोर उभं राहून लेबलं उतरवून घ्यायची, अगदी जशीच्या तशी, किती मिग्रॅ, किती मिलीत, पावडर का पाणी. जेंटामायसिन ८० मिग्रॅ २ मिलीत. फ्रुसेमाइड १ मिलीत १०. पोटॅशियम क्लोराइड १ मिलीत २ मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप), ह्याच्यासमोर सिस्टरनी माझ्या वहीत स्वतः लाल पेनाने लिहिलं, थेट कधीच नाही, म्हणजे पातळ केल्याशिवाय द्यायचं नाही. महिन्याभरात ४१ लेबलं झाली.

गणपतीला शनिवार-रविवार घरी गेले, ७ आणि ८ सप्टेंबर. आरती झाल्यावर मी ओटीवर वही घेऊन बसले तर आजोबा बाजूला. त्यांचं शिक्षण सातवी, पण पूर्वीच्या शाळेतले पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे त्यांना अजून येतात. मी पुटपुटत होते, आठ पंधरा किती, आठ पंधरा किती. ते म्हणाले, "आठ दीड बारा." मी म्हटलं, दीड नाही हो, पंधरा. "मग बारावर पूज्य दे की." एकशेवीस. मी वही खालीच ठेवली. १५ मिग्रॅ पर किलो म्हणजे दिडकी आणि एक शून्य. ७५ मिग्रॅ म्हणजे पाऊणकी आणि दोन शून्य, बारा पाऊण नऊ, म्हणजे नऊशे. ज्या प्रश्नाने मला पाडलं तो आजोबांनी सुपारी कातरत कातरत सोडवला. मग त्यांनी पाऊणकी म्हणून दाखवली, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, आणि आजी आतून ओरडली की पोरीला मोदक तरी खाऊ द्या.

आता हे मी अंदाजाला वापरते. कागदावरचं गणित पूर्णच मांडते, पण मांडायच्या आधी मनात एक आकडा तयार असतो, आणि कागदाचं उत्तर त्याच्या जवळपास नसेल तर कागद फाडायचा. शाळेत आपण ह्यालाच त्रैराशिक म्हणायचो, ५ मिलीत १२५ तर किती मिलीत १२०. पुस्तकात 'डिझायर्ड भागिले हॅव गुणिले व्हॉल्यूम' (हवा तो डोस, बाटलीतला डोस, तो किती मिलीत) असं इंग्रजी सूत्र आहे, ते पाठ करून मी ऑगस्टमध्ये ११ मार्क आणले होते, कारण त्यात कुठला आकडा कुठे बसतो तेच आठवत नव्हतं. त्रैराशिक म्हटल्यावर डोक्यात सहावीतला फळा आला.

फक्त वॉर्डात तोंडाने पाऊण-सव्वा बोलायचं नाही. मी एकदा "पाऊण मिली" म्हटलं तर स्टाफ सिस्टर कडाडल्या, "झीरो पॉइंट सेव्हन फाइव्ह म्हण." बरोबरच आहे, घाईत पाऊणचं पाव ऐकू आलं म्हणजे? लिहितानाही पॉइंटच्या आधी शून्य पाहिजेच, नुसतं .५ लिहिलं तर टिंब पुसटलं की पाच होतात, आणि ५.० असं शेवटचं शून्य लिहायचं नाही, त्याचे पन्नास होतात. आकड्यांवरून आठवलं, अंगणवाडीच्या कार्डावर वजन मराठीत लिहिलेलं असतं. आमच्या बॅचमधल्या केरळच्या मैत्रिणीने एका कार्डावरचं ११ किलो चक्क नव्व्याण्णव वाचलं, कारण आपला एक इंग्रजी नऊसारखाच दिसतो. तेव्हा हसलो. पण वजन कार्डावरून, आईच्या सांगण्यावरून घेऊच नये. तीन वर्षांच्या एका मुलाची आई म्हणाली चौदा किलो, वयाच्या दुप्पट अधिक आठ ह्या सूत्रानेही चौदाच येतात, काट्यावर उभं केलं तर ९.८. पोर कुपोषित होतं. सूत्राने डोस काढला असता तर जवळजवळ दीडपट गेला असता.

सूत्रांचं अजून एक. सिलॅबसमध्ये यंग, क्लार्क आणि फ्राइड असे तीन नियम आहेत. यंगचा म्हणजे वय भागिले वय अधिक बारा, मोठ्या माणसाच्या डोसचा तेवढा हिस्सा, सहा वर्षांच्या मुलाला एक तृतीयांश. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) विचारतात, पाठ करा. पण आमच्या वॉर्डात महिन्याभरात एकदाही कुणी वापरलेला बघितला नाही. मी उत्साहाने सांगायला गेले तर सिस्टर म्हणाल्या, "ते पेपरात लिही, इथे मला वजन सांग."

प्रॅक्टिसचा खर्च सांगते. १ मिली, २ मिली, ५ मिली, १० मिलीच्या सिरिंज, डिस्टिल्ड वॉटरच्या चार अँप्युल (बंद कुप्या), इन्सुलिनची एक सिरिंज, सगळे मिळून ९५ रुपये. ब्युरेट सेट (सलाइन मोजून सोडायची नळी) १४०. मेडिकलवाल्या दादांनी इतक्या सिरिंज कशाला म्हणून आयडी कार्ड बघितलं, ते सोबत ठेवा. पाण्यात कुंकू टाकून 'औषध' बनवायचं आणि रूममेटने सांगितलेला आकडा भरून दाखवायचा, असा आमचा खेळ. इथेच एक मोठी चूक सापडली. रूममेटला ०.२ मिली भरायला सांगितलं, तिने इन्सुलिन सिरिंज घेतली आणि वीसच्या रेषेपर्यंत भरलं. आपल्याकडची लाल टोपीची इन्सुलिन सिरिंज ४० युनिटची, ४० रेषा म्हणजे १ मिली, म्हणजे वीसवर अर्धा मिली होतो! ०.२ मिलीला आठवी रेष. इन्सुलिन सोडून दुसरं काही मोजायला ती घेऊच नका, १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज वेगळी मिळते, तिच्यावर मिलीच्या शंभराव्या भागाच्या रेषा असतात.

ब्युरेट सेट खिडकीच्या गजाला टांगला, वर पाण्याची बाटली, खाली बादली. ६ किलोच्या बाळाला दिवसाचं पाणी पहिल्या दहा किलोपर्यंत किलोमागे १०० मिली, म्हणजे ६००, तासाला २५ मिली. मायक्रोड्रिपला (बारीक थेंबांच्या सेटला) १ मिलीचे ६० थेंब, तासाची ६० मिनिटं, साठाला साठ कटले, म्हणून तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. २५ मिली, २५ थेंब. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार मार्क वाचले असते, मी टेस्टमध्ये १४४० मिनिटांनी भागत बसले होते आणि मध्येच हातचा विसरले. रोलर फिरवत, घड्याळ धरून थेंब मोजत होतो तेवढ्यात वॉर्डन मॅडम आल्या. त्यांना वाटलं आम्ही कुणालातरी रूमवरच सलाइन लावलंय. अर्धा तास समजावण्यात गेला.

३० सप्टेंबरला रीटेस्ट. २५ पैकी २३. गेलेले दोन मार्क मात्रेचं युनिट न लिहिल्याचे, आकडा बरोबर पण पुढे मिली नाही, हे मला आजही पटलेलं नाही पण असो. ७ ऑक्टोबरपासून राहिलेल्या दोन आठवड्यांची पोस्टिंग भरून द्यायची होती, आता औषध हातात, अर्थात स्टाफ सिस्टर बाजूला असतानाच.

आणि तिसऱ्याच दिवशी जे झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. १० किलोचा मुलगा, अमिकासिन १५० मिग्रॅ, दिवसातून एकदा. दोन दिवस २५० मिग्रॅची व्हायल येत होती, २ मिलीत, म्हणून १.२ मिली. तिसऱ्या दिवशी मी वहीतलं कालचं पान उघडलं, १.२ मिली भरलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "लेबल वाच. मोठ्याने." मी वाचायला लागले, अमिकासिन, पाचशे... आणि थांबले. स्टोअरमधून त्या दिवशी ५०० ची आली होती. पातळ तेवढंच, २ मिली. १०० ची, २५० ची आणि ५०० ची, तिन्ही व्हायलमध्ये २ मिलीच असतं, झाकणाचा रंग पण आपल्या भरवशाचा नाही, आज एका कंपनीची उद्या दुसऱ्या. मी भरलेलं होतं ३०० मिग्रॅ. पाहिजे होतं ०.६ मिली. अमिकासिन जास्त झालं तर कानावर आणि किडनीवर जातं हे मी दोन महिन्यांपूर्वी प्रेझेंटेशनमध्ये पॉइंटरने दाखवलं होतं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. सिरिंज माझ्याकडूनच टाकायला लावली, परत हिशोब मांडायला लावला, नवी सिरिंज, लेबल परत मोठ्याने, मग ब्युरेटमध्ये घालून हळूहळू. पोराची आई सगळं बघत होती, तिला काही कळलं नसावं, तिने मला विचारलं, "ताई, दुखणार नाही ना त्याला?" मी नाही म्हटलं आणि सिंकजवळ जाऊन उगाच दोनदा हात धुतले. हॉस्टेलवर आल्यावर वहीतली केलेली गणितं फाडून टाकली. लेबलं ठेवली, उत्तरं नाही ठेवली. कालचं उत्तर समोर असलं की आजचं लेबल डोळ्यांना दिसतच नाही.

प्रॅक्टिकल जानेवारीच्या शेवटी. एक्स्टर्नल मॅडम बाहेरच्या कॉलेजच्या, आवाज बारीक, त्यामुळे जास्तच भीती. त्यांनी केस दिली, १५ किलोचं मूल, झटके, फेनिटोइन २० मिग्रॅ पर किलो. मनात पंधरा दुणे तीस, शून्य, तीनशे. वहीवर मांडलं, १ मिलीत ५०, म्हणून ६ मिली, २ मिलीच्या तीन अँप्युल. "कशात देशील?" नॉर्मल सलाइन. "डेक्स्ट्रोजमध्ये का नाही?" साका बसतो, म्हणाले, आणि मग इंग्रजी शब्द आठवला. "किती वेळात?" मिनिटाला किलोमागे १ मिग्रॅच्या वर नाही, म्हणून कमीत कमी २० मिनिटं. त्यांनी विचारलं, इतका वेळ का लावतेस उत्तराला. मी म्हटलं, मॅडम, दोनदा करते. त्यांनी मान हलवली, ती बरी का वाईट ते कळलं नाही, पुढचीला बोलावलं.

लॉगबुकवर सही २९ जानेवारीला झाली. आता सोमवारपासून एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) दोन आठवडे. तिथे वजन ग्रॅममध्ये लिहितात. १४०० ग्रॅमच्या बाळाला शीटवर जेंटामायसिन ५.६ मिग्रॅ लिहिलं असेल तर ८० च्या अँप्युलमधून सरळ ०.१४ मिली होतात, ते भरणार कसं, म्हणून आधी १ मिली घेऊन ४ मिलीपर्यंत पातळ करायचं, मग ०.५६. हे मी काल रात्री कुंकवाच्या पाण्यावर तीनदा केलं, दोनदा बरोबर आलं.